लठ्ठपणा: बीएमआय, आठवड्याचं इंजेक्शन, शस्त्रक्रिया, विमा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी उंची १६८ सेंमी, वजन ६८ किलो. परदेशी तक्त्यात मी ‘नॉर्मल’ आणि इथले डॉक्टर म्हणतात वजन जास्त आहे. खरं कोणाचं?

तुमचा बीएमआय २४ येतो. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं: ६८ भागिले (१.६८ × १.६८). परदेशी तक्त्यात २५ पर्यंत सगळं ठीक मानतात. भारतीय माणसासाठी मात्र २००९ च्या तज्ज्ञांच्या एकमताने २३ पासून ‘जास्त वजन’ आणि २५ पासून ‘लठ्ठपणा’ धरला जातो. म्हणजे तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे.

यामागचं संशोधन मोठ्या प्रमाणात पुण्यात झालं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा होता, २२.३. पण चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा फोटो शेजारी शेजारी छापून हा फरक मांडला गेला. दिसायला सडपातळ, पण स्नायू कमी आणि पोटात चरबी जास्त, अशी आपल्याकडच्या पुष्कळ माणसांची घडण असते. म्हणून आपल्याला मधुमेह कमी वजनात आणि कमी वयात गाठतो.

मग कंबर मोजावी का? ती नेमकी कुठे?

जरूर मोजावी. बीएमआयला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही, टेपला पोट कळतं. पँट किंवा परकराची नाडी बांधतो ती जागा मात्र चुकीची. पोट सुटलेल्या माणसाची पँट पोटाखाली जाते आणि माप पाच-सात सेंमीने कमी येतं.

सकाळी उपाशीपोटी, कपडे बाजूला सारून, पाय थोडे फाकवून उभे राहा. सगळ्यात खालची बरगडी चाचपा, मग कमरेच्या हाडाचा वरचा काठ चाचपा. या दोन्हींच्या मधोमध टेप लावा. टेप जमिनीला समांतर हवी, कातडीला टेकलेली पण रुतलेली नको. पोट आत ओढू नका. श्वास सहज सोडा आणि सोडून झाल्यावर आकडा वाचा. दोनदा मोजून सरासरी घ्या. पुरुषांसाठी ९० सेंमी आणि बायकांसाठी ८० सेंमी ही मर्यादा. याहून सोपा ताळा म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. १६० सेंमी उंचीच्या बाईची कंबर ८० च्या आत, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

२०२५ मध्ये व्याख्या बदलली असं वाचलं. काय बदललं?

जानेवारी २०२५ मध्ये दोन गोष्टी जवळपास एकाच वेळी आल्या. ‘लॅन्सेट’च्या आंतरराष्ट्रीय आयोगाने बीएमआय एकटा पुरेसा नाही असं सांगून लठ्ठपणाचे दोन भाग केले: शरीराचं काम बिघडवलेला आणि अजून न बिघडवलेला. भारतीय तज्ज्ञांनीही आपली व्याख्या सुधारली. पहिला टप्पा म्हणजे बीएमआय २३ च्या वर, पण अवयवांवर किंवा रोजच्या हालचालींवर परिणाम नाही. दुसरा टप्पा म्हणजे त्यासोबत कंबर जास्त आणि गुडघे, धाप, साखर, रक्तदाब यांपैकी काहीतरी बिघडलेलं.

उपयोग असा की ‘किती किलो’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘वजनाने काय बिघडवलंय’ हा पुढे येतो. ८४ किलोचा धडधाकट माणूस आणि ७४ किलोचा, पण साखर, फॅटी लिव्हर आणि घोरणं असलेला माणूस, यांत उपचाराची घाई दुसऱ्याला आहे.

हा आजार आहे की तोंडावर ताबा नसणं?

आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ च्या बैठकीतच त्याला दीर्घकालीन आजार म्हटलं. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१३ मध्ये तसा ठराव केला. आपल्या घरांत मात्र गोष्ट वेगळीच राहिली. लहानपणी ‘छान बाळसं धरलंय’, तरुणपणी ‘खात्यापित्या घरचा’, लग्नानंतर ‘सुख मानवलं’, आणि चाळिशीत एकदम ‘तोंड आवरत नाही का?’ एकाच शरीराचं आधी कौतुक झालं आणि मग त्याचीच लाज वाटायला लावली. या दोन्ही वागण्यांत उपचार मात्र कुठेच नाही.

शरीराचा हिशोब असा आहे. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडून मेंदूला साठ्याची खबर देतात. १९९४ मध्ये याचा शोध लागला. वजन उतरलं की लेप्टिन घटतं, जठरातून येणारं भुकेचं संप्रेरक घ्रेलिन वाढतं, आणि शरीर बसल्या बसल्या खर्च करत असलेल्या कॅलरीही अपेक्षेपेक्षा जास्त कमी होतात. दहा किलो उतरवलेल्या माणसाला आधीपेक्षा जास्त भूक लागते आणि आधीपेक्षा कमी पुरतं. म्हणून वजन परत चढतं. यात तुमच्या निश्चयाला दोष देऊ नका.

आठवड्याची इंजेक्शनं कोणासाठी आहेत?

सध्या बोलबाला दोन औषधांचा आहे. सेमाग्लुटाइड (वजनासाठी वेगोव्ही या नावाने, भारतात जून २०२५ पासून) आणि टिर्झेपेटाइड (माउंजारो, मार्च २०२५ पासून). वजनासाठी मान्यता अशी आहे: बीएमआय ३० किंवा जास्त, नाहीतर २७ किंवा जास्त आणि सोबत रक्तदाब, मधुमेह, झोपेत श्वास अडकणं असा एखादा वजनाशी जोडलेला त्रास. लग्नाआधी पाच किलो उतरवायला ही औषधं नाहीत.

मोठ्या चाचण्यांत सेमाग्लुटाइडने (२.४ मिग्रॅ) ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के आणि टिर्झेपेटाइडने (१५ मिग्रॅ) ७२ आठवड्यांत २०.९ टक्के वजन उतरलं. सोबत आहार-व्यायामाचं मार्गदर्शन होतंच. सरासरी म्हणजे काहींचं याहून बरंच कमी उतरतं, हेही ध्यानात ठेवा.

घेऊ नये कोणी? स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर, किंवा मेन-२ हा आनुवंशिक आजार असणाऱ्यांनी. स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. गरोदरपणात घेऊ नये. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आणि टिर्झेपेटाइड किमान एक महिना आधी थांबवावं. इथे एक गोष्ट बायकांना पुरेशी सांगितली जात नाही: टिर्झेपेटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचं शोषण कमी होतं. सुरुवातीचे चार आठवडे आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे कंडोम वापरा. वजन उतरल्यावर पीसीओएस (संप्रेरकं बिघडून पाळी अनियमित होणं) असलेल्या बाईची पाळी नियमित होऊन अनपेक्षित दिवस राहू शकतात, हेही कारण आहेच.

डोस कसा वाढतो आणि लोक कुठे चुकतात?

वेगोव्ही: ०.२५ मिग्रॅ आठवड्यातून एकदा, चार आठवडे. मग दर चार आठवड्यांनी ०.५, १, १.७ आणि शेवटी २.४.
माउंजारो: २.५ मिग्रॅ चार आठवडे, मग ५. पुढे गरज असेल तर किमान चार आठवडे थांबून २.५ ने वाढ, जास्तीत जास्त १५.

पहिल्या महिन्याचा डोस हा शरीराला सवय व्हावी म्हणून असतो. तेवढ्यात काटा हलला नाही म्हणून डोस उडी मारून वाढवणं ही सर्वात जास्त दिसणारी चूक. जठर अन्न पुढे ढकलायला आधीच सावकाश झालेलं असतं, त्यात मोठा डोस पडला की दोन-दोन दिवस उलट्या होतात आणि माणूस औषधच सोडून देतो. माउंजारोच्या पाच मिग्रॅवर वजन नीट उतरत असेल तर तिथेच थांबावं.

दुसरी चूक मध्ये दोन-तीन आठवडे खंड पाडून जुनाच मोठा डोस पुन्हा घेणं. अशा वेळी बहुधा खालच्या डोसपासून सुरुवात करावी लागते, त्यामुळे आधी डॉक्टरांना फोन करा. माउंजारोचा एकच डोस चुकला असेल तर चार दिवसांच्या आत घेता येतो. त्यापुढे तो सोडून द्यायचा आणि नेहमीच्या वारी पुढचा घ्यायचा.

सुई पोटात (बेंबीपासून पाच सेंमी सोडून), मांडीच्या पुढच्या भागात किंवा दुसऱ्या कोणी टोचणार असेल तर दंडाच्या मागे. जागा दर आठवड्याला बदला. औषध फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, दाराच्या कप्प्यात नव्हे आणि फ्रीझरला चिकटून तर मुळीच नको. एकदा गोठलेलं औषध वितळलं तरी फेकून द्यायचं.

मळमळ, बद्धकोष्ठता होते. काय करू?

ताट लहान घ्या आणि पोट भरल्यासारखं वाटलं की उरलेला घास ठेवून द्या. ‘पानात टाकू नये’ हा संस्कार चांगला आहे, पण या औषधावर तोच उलटी करवतो. म्हणून वाढतानाच निम्मं वाढा. तळलेलं आणि साजूक तुपाने माखलेलं जेवण इंजेक्शनच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टाळा. जेवून लगेच आडवं होऊ नका. भूक मेली की तहानही मरते, त्यामुळे पाणी, ताक, पातळ कढण ठरवून प्या, दोन-अडीच लिटर. बद्धकोष्ठतेला भाज्या आणि रात्री पाण्यातून इसबगोल, तरी भागलं नाही तर डॉक्टर साधं रेचक देतात.

लगेच दवाखाना गाठायची लक्षणं: पोटात वरच्या बाजूला न थांबणारी, पाठीत जाणारी कळ, उजव्या बरगडीखाली दुखून ताप किंवा कावीळ, पाणीसुद्धा न टिकणं, अचानक एका डोळ्याने अंधूक दिसणं. मधुमेह्यांनी सुरू करण्यापूर्वी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर फार खाली जाऊ शकते, ते डोस डॉक्टरांकडून कमी करून घ्या. कुठलीही शस्त्रक्रिया ठरली असेल, अगदी दाताचीही, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना या इंजेक्शनबद्दल सांगा. बारा तास उपाशी राहूनही जठरात अन्न उरलेलं असू शकतं आणि ते भुलेत फुप्फुसात जाऊ शकतं.

मी शाकाहारी आहे. ‘प्रोटीन वाढवा’ म्हणतात, ते कसं?

हा प्रश्न या सगळ्यांत सर्वांत कळीचा आहे. चाचण्यांत उतरलेल्या वजनापैकी साधारण पाव ते चाळीस टक्के भाग चरबीचा नव्हता. स्नायू त्यातच येतात. आपल्याकडे मुळात स्नायू कमी, त्यात तेच गेले तर वजन परत चढताना चरबी येते आणि माणूस आधीपेक्षा वाईट स्थितीत जातो.

वजनाच्या किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं धरा. ७० ग्रॅमचा एक दिवस असा बसतो: सकाळी ४० ग्रॅम मूगडाळीची धिरडी (१०), दुपारी ४० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ (९), दोन भाकरी (८), वाटीभर दही (५), संध्याकाळी पेलाभर दूध (८), रात्री ३० ग्रॅम सोया वड्यांची भाजी (१५), घट्ट वरण (७), ५० ग्रॅम पनीर (९). एकूण ७१. नेहमीच्या ताटात यातलं निम्मंही नसतं, कारण वरण पातळ असतं आणि भाजी बटाट्याची. जेवताना आधी उसळ-पनीर खा, भात-भाकरी शेवटी, कारण पोट मध्येच ‘पुरे’ म्हणणार आहे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे आकडे डॉक्टरांना विचारूनच.

सोबत आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचा व्यायाम. जिम नसली तरी चालेल: हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठा-बसा, असे तीन फेरे, भिंतीवर जोर, लिटरच्या पाण्याच्या बाटल्या उचलणं. नुसतं चालणं स्नायू राखायला अपुरं पडतं.

इंजेक्शन थांबवलं तर?

सेमाग्लुटाइडच्या चाचणीत थांबवल्यानंतर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं. रक्तदाबाची गोळी थांबवल्यावर रक्तदाब चढतो, तसंच हे. त्यामुळे सुरू करण्यापूर्वीच खर्चाचा विचार करा. बाजारात येताना माउंजारोच्या २.५ मिग्रॅ कुपीची किंमत ३,५०० आणि ५ मिग्रॅची ४,३७५ रुपये होती, म्हणजे महिन्याला चौदा ते साडेसतरा हजार. सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ पर्यंतचं. त्यानंतर भारतीय कंपन्यांना ते बनवायला पेटंटची आडकाठी राहत नाही, म्हणून आता ब्रँड निवडताना डॉक्टरांशी किमतीचं उघड बोला. तीन महिन्यांपुरतेच पैसे असतील तर ते आहारतज्ज्ञ आणि झोपेच्या तपासणीवर खर्च केलेले बरे.

जिममधल्या ओळखीतून किंवा ऑनलाइन स्वस्तात मिळतं. घ्यावं का? आणि ‘हर्बल’ कॅप्सूल?

घेऊ नका. ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचीच आहेत. पावडरची कुपी आणि वेगळं पाणी देऊन ‘घरी मिसळा’ म्हणणारा माल म्हणजे त्यात काय आणि किती आहे हे कोणालाच माहीत नसणं. बिलावर बॅच नंबर आणि मुदत हवीच, आणि आइस पॅकशिवाय आलेलं पार्सल परत करा.

झटपट बारीक करणाऱ्या ‘नैसर्गिक’ कॅप्सूलमध्ये अमेरिकेच्या एफडीएला अनेकदा सिब्युट्रामिन सापडलं आहे. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो म्हणून भारतात २०११ मध्ये बंदी घातलेलं हे औषध. अशा कॅप्सूलने आठवडाभरात चार किलो उतरले आणि छाती धडधडायला लागली, झोप उडाली, तर कॅप्सूल बंद करा आणि डबी घेऊन डॉक्टरांकडे जा.

बॅरिअॅट्रिक (वजन उतरवण्याची) शस्त्रक्रिया कोणी करावी? विमा मिळतो का?

इथे दोन वेगळे आकडे चालतात आणि त्यातच लोक अडकतात. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार आशियाई माणसात बीएमआय २७.५ पासून शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. विमा मात्र अजून जुन्या आकड्यांवर आहे. विमा नियामक आयआरडीएआयच्या प्रमाणित कलमानुसार लठ्ठपणाची शस्त्रक्रिया वगळलेली आहे, पण पुढच्या सगळ्या अटी पुऱ्या झाल्या तर वगळता येत नाही: डॉक्टरांचा सल्ला, वैद्यकीय निकषांचा आधार, वय १८ किंवा जास्त, बीएमआय ४० किंवा जास्त. ४० नसेल तर बीएमआय ३५ किंवा जास्त आणि त्यासोबत लठ्ठपणातून आलेला हृदयस्नायूंचा आजार, हृदयधमन्यांचा आजार, तीव्र स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास अडकणं), ताब्यात न येणारा टाइप २ मधुमेह यांपैकी एक, तोही कमी त्रासाचे उपाय करून झाल्यावर.

दावा अडतो तो बहुधा या शेवटच्या अटीवर. ‘डाएट करून पाहिलं’ हे तोंडी चालत नाही. आहारतज्ज्ञांच्या तारखेच्या नोंदी, जुन्या चिठ्ठ्या, एचबीए१सीचे (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे) सलग रिपोर्ट, स्लीप स्टडीचा कागद आणि डॉक्टरांनी स्वतः मोजलेली उंची-वजन असलेलं पत्र वर्षभर आधीपासून एका फाइलमध्ये ठेवा. उंची दोन कागदांवर दोन सेंमीने वेगळी असली तरी बीएमआय बदलतो आणि प्रश्न येतो.

यातल्या स्लीव्ह नावाच्या शस्त्रक्रियेत जठराचा पाऊण भाग किंवा थोडा जास्तच काढून टाकतात, तो परत बसवता येत नाही. आधी साधारण दोन आठवडे कमी कॅलरीचा आहार देतात, त्याने यकृत लहान होऊन सर्जनला जागा मिळते. नंतर आधी पातळ, मग पेजेसारखं, मग मऊ. बी-१२, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व आयुष्यभर. सहा महिन्यांनी बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडणाऱ्यांना दोन वर्षांनी हातापायाला मुंग्या येतात. उलट्या सतत होत असतील तर थायामिनची (बी-१ जीवनसत्त्वाची) कमतरता काही आठवड्यांत नसा आणि मेंदूवर येते, तेव्हा वाट न पाहता सर्जनला गाठा. दिवस राहणं वर्ष-दीड वर्ष लांबवा.

उपवास करते, तरी वजन का उतरत नाही?

साबुदाण्याची खिचडी करून पाहा: ७५ ग्रॅम कोरडा साबुदाणा, २५ ग्रॅम दाण्याचं कूट, दीड चमचा (मोठा) तूप, अर्धा बटाटा. झाल्या सहाशेच्या वर कॅलरी आणि प्रथिनं सात-आठ ग्रॅम. दोन वेळा खाल्ली की रोजच्या जेवणाइतकीच बेरीज होते. वरई आणि दाण्याची आमटी, ताक, राजगिरा, फळ, असा उपवास करा. इंजेक्शनवर असाल तर निर्जळी उपवास नको.

पंतप्रधानांनी तेल दहा टक्के कमी करा म्हटलं. तेवढ्याने काय होणार?

फेब्रुवारी २०२५ च्या ‘मन की बात’मधलं ते आवाहन आहे. हिशोब करू. चार माणसांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर माणशी दिवसाला ३८ ग्रॅम तेल जातं. दहा टक्क्यांनी दिवसाच्या फक्त ३४ कॅलरी वाचतात. पण डबा महिन्याऐवजी जवळपास दोन महिने पुरवला, म्हणजे महिन्याला २.६ लिटर, तर माणशी २० ग्रॅमवर येता आणि दिवसाला १६० कॅलरी कमी होतात. डबा उघडला त्या दिवसाची तारीख झाकणावर लिहा. फोडणीला बुधलीतून धार सोडण्याऐवजी चमच्याने मोजून घाला. एक मोठा चमचा म्हणजे १२० कॅलरी.

सरकार नेमकं काय करतंय?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) बीएमआय २५ च्या वर असलेल्या बायका देशात २४ टक्के आणि पुरुष २२.९ टक्के होते. त्यामानाने धोरण अजून एका दिशेने चालत नाही. सप्टेंबर २०२५ पासून गोड शीतपेयांवर ४० टक्के जीएसटी आहे, पण आधीचा कर आणि उपकर मिळून तेवढाच होता. त्याच वेळी पाकीटबंद फरसाण, बिस्किटं, चॉकलेट आणि नूडल्स पाच टक्क्यांवर आणली. चिलीने २०१६ मध्ये पाकिटांवर काळे अष्टकोनी इशारे छापायला लावले. आपल्याकडे एफएसएसएआय या अन्नसुरक्षा नियामकाने २०२२ मध्ये पाकिटांवर ताऱ्यांच्या मानांकनाचा मसुदा आणला. तारे चुकीचं वळण आहे असं आमचं स्पष्ट मत आहे. साखरेने भरलेल्या पाकिटावर दोन तारे दिसले तरी ती शिफारसच वाटते. इशारा इशाऱ्यासारखा दिसला पाहिजे.

शाळांसाठीचा २०२० चा नियम मात्र वापरण्याजोगा आहे: जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत. पालकसभेत हा नियम मांडा, शाळेकडून लेखी उत्तर घ्या, आणि दाद लागली नाही तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज करा.

मुलाचं वजन जास्त आहे. मोठा झाला की उतरेल ना?

त्यावर विसंबू नका. मुलांना प्रौढांचा बीएमआय लावत नाहीत. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे ५ ते १८ वर्षांचे वाढीचे तक्ते आहेत, ते तयार करण्यात पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे. त्यावर प्रौढांच्या २३ आणि २७ बीएमआयशी जुळणाऱ्या, वयानुसार बदलणाऱ्या रेषा असतात, त्या पाहायच्या. मानेवर आणि काखेत मखमलीसारखा काळा पट्टा दिसतोय का तेही बघा. आया तो मळ समजून दगडाने घासतात. ती इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण आहे, साखर तपासा. लहान मुलाचं वजन उतरवण्यापेक्षा ते तिथेच थोपवून उंची वाढू देणं पुष्कळदा पुरतं. त्याच्यासाठी वेगळं ताट करू नका, सगळ्या घराचं ताट बदला.

दवाखान्यात जायचीच लाज वाटते. तिथे काय मागावं?

वजन खोलीच्या आत, आकडा मोठ्याने न उच्चारता घ्या असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे. रक्तदाब मोजताना पट्टा पाहा. दंडाचा घेर ३४ सेंमीपेक्षा जास्त असेल तर मोठा पट्टा मागा, कारण लहान पट्टा रक्तदाब खोटा वाढवून दाखवतो आणि नको ती गोळी सुरू होते. गुडघा, पाळी, थकवा, काहीही सांगितलं की ‘वजन कमी करा’ एवढंच उत्तर आलं, तर विचारा: ‘हेच दुखणं घेऊन बारीक माणूस आला असता तर तुम्ही कोणत्या तपासण्या सांगितल्या असत्या?’ त्या तपासण्या लिहून घ्या. पहिल्या भेटीसाठी उपाशीपोटी साखर, एचबीए१सी, लिपिड, यकृताच्या चाचण्या आणि थायरॉइड यांचे रिपोर्ट, चालू गोळ्यांची यादी (स्टेरॉइड आणि काही मानसिक आजारांच्या गोळ्यांनी वजन वाढतं), आणि घरातल्या माणसाला विचारून घोरण्याची व मध्येच श्वास थांबण्याची नोंद सोबत न्या.